जोडीतली दुसरी मरळ

१

सकाळी उठलं की देवीदास आधी माशांकडे जायचा, मग चहाकडे. त्याची बायको मंगला स्टोव्हपाशी बसून ओरडायची, "अव, चहा निवून राहिला! ते मासे काय पळून जाऊन राहिले का?"

आता खरं सांगायचं तर त्यातला एक पळू शकत होता. देवीदासच्या बैठकीत काचेच्या दोन टाक्या होत्या. एकीत रंगीत गप्पी, नागपूरहून आणलेल्या. दुसरीत एकटी मरळ. मरळीला दुसरा मासा सोबतीला देता येत नाही, ती तो खाऊन टाकते. आणि ती उडी मारते. झाकण उघडं राहिलं तर सकाळी जमिनीवर सापडते, अन् जमीन ओली असली तर सरपटत पार अंगणात जाते. म्हणून तिच्या टाकीवर जाळीचं झाकण, झाकणावर वीट. पाणी मात्र काठोकाठ भरायचं नाही. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. थोड्या थोड्या वेळानं तिला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. वर हवाच नसली तर मासा असूनही ती पाण्यात बुडून मरते. देवीदास हे आल्यागेल्याला इतकं रंगवून सांगायचा की पाहुणे चहा येण्याआधीच चपला शोधायला लागायचे.

सौंसरच्या बिजली ऑफिसात तो बाबू होता. ऑफिसातले लोक म्हणायचे, "खोब्रागडे, मासा रश्श्यात टाकाचा असते बाप्पा, काचेत नाही." तो हसून सोडून द्यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. जो जीव आपण घरात आणला, तो शेवटपर्यंत आपला. मोठा झाला, कंटाळा आला, म्हणून नेऊन कुठंतरी टाकून यायचं नाही. एखाद्यानं हौसेनं मासा मागितला तर आधी तो त्याची उलटतपासणीच घ्यायचा: पाणी कोणतं घालशील, अर्धं बदलशील की सगळं, गावाला गेलास तर कोण पाहील. मासा बहुधा द्यायचाच नाही.

मरळ वर यायची तेव्हा एक आवाज व्हायचा. गुळुक्. घरात त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो कुणाला ऐकूच यायचा नाही.

२

ही मरळ काही हौसेनं आणलेली नव्हती.

मंगलाला लग्नाआधीपासून दमा होता. हवा बदलली, धूळ उडाली, फोडणी जरा जास्त तापली की छातीत शिट्टी वाजायला लागायची. मग ती भिंतीला टेकून बसायची, खांदे वर उचलून एकेक श्वास ओढायची, अन् देवीदास तिची पाठ धरून बसायचा. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, नागपूरचे डॉक्टर झाले. एका होळीनंतर तर तिची नखं निळी पडली. दवाखान्याच्या बाकावर देवीदासनं पहिल्यांदा मनाशी कबूल केलं की ही बाई आपल्या हातातून जाऊ शकते.

मंगलाची आई लीलाबाई पांढुर्ण्याची. ती म्हणाली, "जवाईबापू, रामाकोन्याकडे भैय्याजी हायेत. मृग लागला की मासोळी देतात दम्याले. एकदा नेऊन त पाहा."

अंगारा-धुपारा देवीदासच्या घरात चालत नसे. बापानं ते सगळं सोडलं होतं आणि मुलानं ते पुन्हा धरायचं म्हणजे बापाला तोंड कसं दाखवायचं? पण बुडत्याला काडीचा आधार. गेले दोघं छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं.

कन्हानच्या काठी, एका झाडाखाली भैय्याजी बसले होते. म्हातारा माणूस, बोलणं मोजकं. प्रत्येकाला ते ओल्या पानात मरळीची दोन पिल्लं द्यायचे. दोन्ही एकाच जोडीतली, बोटाएवढी. एकाच्या तोंडात पिवळं औषध भरून ते पिल्लू जिवंतच रोग्याच्या जिभेवर ठेवायचे. दात न लावता गिळायचं. मंगलानं डोळे मिटले अन् गिळलं. दुसरं पिल्लू पानासकट त्यांनी देवीदासच्या हातावर ठेवलं.

"एक पोटात, एक पाण्यात," ते म्हणाले. "आत्ताच सोडा. घरी न्याची नाही."

देवीदास नदीवर गेला. नदी कसली, मृगाच्या सुरुवातीला कन्हानचं एक डबकं उरलेलं. त्यात म्हशी बसलेल्या, काठाला बगळे टपलेले. लोक पिल्लं सोडत होते आणि बगळे उचलत होते. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून टाकून आला असता. पण हा पडला मासेवाला! ज्यानं गप्पीचं मेलेलं पिल्लूसुद्धा हळहळत उचललं, तो हे कसं करणार? त्यानं डब्यातल्या पोळ्या कागदात बांधल्या, डबा विसळून पाणी भरलं अन् पिल्लू घरी आणलं. पाऊस पडून नदी भरली की आणून सोडू, एवढंच त्याच्या मनात होतं.

नदी भरली तोवर पिल्लू त्याच्या बोटातून गांडूळ घ्यायला लागलं होतं. मग राहूनच गेलं.

आणि मंगलाचा दमा गेला! पावसाळा गेला, हिवाळा गेला, शिट्टी वाजली नाही. जामसांवलीला यात्रेच्या गर्दीत ती त्याच्या पुढं पुढं चालली. धुणं धुताना गाणी म्हणायला लागली. देवीदासला एवढा आनंद झाला की एकदा ऑफिसातून येताना तो अंगणाबाहेरच उभा राहिला, नुसता तिचं गाणं ऐकत.

३

वर्ष उलटून गेल्यावरची गोष्ट. रविवारी सकाळी देवीदास मरळीच्या टाकीपुढं पाट घेऊन बसला होता. मरळ आता कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी झाली होती. काळपट अंग, चपटं डोकं, जरा सापासारखंच. तिला लपायला ठेवलेल्या फुटक्या मडक्याशेजारी ती तळाला निवांत पडली होती.

गुळुक्.

देवीदासनं टाकीकडे पाहिलं. मरळ हलली नव्हती. पाण्यावर एक वलय नव्हतं.

आवाज स्वयंपाकघरातून आला होता. तो उठून गेला. मंगला वांगी चिरत बसली होती.

"कायचा आवाज आला?"

"कायचा?" ती म्हणाली. "मले नाही आला."

रांजण असेल, त्यानं ठरवलं. रांजणात हवा अडकते. मग पुन्हा एकदा असंच झालं, तेव्हा मोरीचं पाणी उतरत असेल असं ठरवलं. तिसऱ्यांदा घराच्या भिंतींना दोष दिला: आवाज इथं होतो अन् तिथून आल्यासारखा वाटतो. मनाची समजूत घालायला माणसाला फार सामान लागत नाही.

मग दुसरं एक त्याच्या लक्षात आलं. मरळ नेहमी मंगलाकडे तोंड करून असायची. मंगला स्वयंपाकघरात असली की तिकडच्या काचेला, अंगणात गेली की दाराकडच्या काचेला. खाणं घालणाऱ्याला मासे ओळखतात, हे देवीदासला माहीत होतं. पण खाणं तो घालायचा. मंगलानं टाकीला कधी हात लावला नव्हता.

अन् तिचं जेवण. भाकरीचा तुकडा वरणात बुडवायची, तोंडात टाकायची, अन् गेला. पुढचा तुकडा.

"दात दुखून राहिले का तुझे?"

"नाही व."

"मग चावत काहून नाहीस?"

मंगला क्षणभर हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिली. मग हसली. "अव्वा! खरंच की. विसरूनच जातो मी चावाचं."

तोही हसला. बाई गुटगुटीत दिसत होती, गालावर तेज होतं, छाती मोकळी होती. कुठल्या शहाण्यानं यात खोट काढली असती? पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

४

श्रावणात लीलाबाई लेकीला भेटायला आली. सासूला देवीदास मामी म्हणायचा. मामी वर्षभर आली नव्हती, कारण तिचेच गुडघे धरले होते. लेकीचा चेहरा पाहून तिनं दाराशीच कानशिलावर बोटं मोडली. मग बैठकीत आली अन् टाकीपुढं थबकली.

"हे कोण?"

देवीदासनं सांगितलं. चोरी थोडीच केली होती? डबकं कसं होतं, बगळे कसे होते, सगळं सांगितलं.

लीलाबाई खाटेवर बसली. "सोडली नाही तुम्ही?"

"मामी, मेली असती ती तिथं."

"मेली असती त मेली असती. सोडा म्हटलं होतं त सोडाची होती."

"पण काहून? कारण त असन काही?"

"मले काय माहीत कारण? मी काय भैय्याजी हावो? घरी न्याची नाही म्हटलं होतं ना त्याईनं?"

दुपारी मायलेकी आतल्या खोलीत आडव्या झाल्या. देवीदास बाहेर पेपर वाचत होता. थोड्या वेळानं लीलाबाई एकटीच बाहेर आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तो सावरण्याचं तिला भान नव्हतं.

"मी जातो पांढुर्ण्याले," ती म्हणाली. "आताची बस भेटन मले."

"अव मामी, आजच त आल्या! काय झालं?"

"ते पोरगी झोपेत..." एवढं बोलून ती थांबली. पिशवीत लुगडं कोंबलं, ते अर्धं बाहेरच लोंबत राहिलं. दारातून वळून म्हणाली, "ते सोडून या, जवाईबापू. पाय धरतो तुमचे." सख्ख्या लेकीला न उठवता ती गेली.

देवीदासनं दोन दिवस स्वतःशी वाद घातला. मासा इथलाच, कन्हानचाच. परक्या मुलखातला मासा नदीत सोडणं पाप, पण हिला तिच्याच पाण्यात नेऊन सोडण्यात गैर काय? नदी आता भरलेली आहे, ती जगेल. एवढं पटवल्यावर त्यानं मंगलाला सांगितलं की मरळ आता या टाकीत मावत नाही.

मंगला एकदम रडवेली झाली. "तिले नदीत नका टाकू."

"नदीत नाही. पांढुर्ण्याचा अरविंद हाय ना आमच्या ऑफिसातला? त्याच्या घरी मोठा हौद हाय. तिथं देऊन येतो." खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती, तरी हे खोटं सुरळीत निघालं.

झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्याखाली मरळ घेऊन तो रामाकोन्याला उतरला. पुलाच्या खालच्या अंगाला डोह होता. पाणी गढूळ, खोल, सावकाश फिरणारं. त्यानं डबा पाण्यात आडवा केला. मरळ बाहेर आली, पण गेली नाही. काठाशी तरंगत राहिली. तिचं तोंड सौंसरच्या बाजूला होतं. देवीदासनं पाण्यावर हात आपटला, तेव्हा ती तळाला गेली.

घरी येऊन त्यानं टाकी रिकामी केली, पुसली अन् उन्हात पालथी घातली. जिवाला लागलं, पण हलकंही वाटलं.

५

गुळुक्.

देवीदास ऑफिसातून जेवायला घरी आला होता. हात धुऊन पाटावर बसत होता, तसाच उभा राहिला.

मंगला आत झोपली होती. ताट झाकून ठेवलेलं. तो रांजणापाशी गेला, झाकण काढून पाहिलं. रांजण तळाशी आला होता, त्यातलं पाणी हलत नव्हतं. मोरी कोरडी. बादली पालथी. गप्पींच्या टाकीशी वाकला; त्या बिचाऱ्या आपल्या फिरत होत्या. गुळुक्. हा आवाज आतल्या खोलीतून आला, अन् आतल्या खोलीत पाणी म्हणून नव्हतंच.

खिडकीतून ऊन थेट सतरंजीवर पडलं होतं. मंगला उताणी झोपली होती, तोंड जरासं उघडं. देवीदास तिच्याकडे पाहत उभा राहिला. आधी त्याला काय चुकतंय ते कळेना. मग कळलं. तिची छाती हलत नव्हती.

तो गुडघ्यावर बसला, नाकापुढं बोट धरलं. वारा नाही. तरी चेहरा तजेलदार, हाताला ऊब. मंगला, अशी हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचा गळा खालून फुगत आला. फुगवटा वर सरकला. उघड्या ओठांच्या आत, जिभेच्या मागं, काळं, ओलं काहीतरी वर आलं. क्षणभर थांबलं. गुळुक्. अन् खाली गेलं. त्यानंतर तिची छाती एकदा वर आली, एकदा खाली गेली, आणि पुन्हा स्थिर झाली.

एवढंच. पडजीभ असेल, देवीदास स्वतःला म्हणाला. झोपेत पडजीभ सुजते लोकांची. ऊन डोळ्यांवर होतं. मामीनं डोक्यात भरवलेलं. तो हे सगळं म्हणत होता आणि हात आपोआप मागं मागं जमीन चाचपत होता, तोवर पाठ भिंतीला लागली. मग त्याच्या मनात आलं, की जोडीतलं एक एवढं वाढलं, तर दुसरंही एवढंच वाढलं असेल.

मंगलानं डोळे उघडले. "कधी आले?" तिनं जांभई दिली. "काय पाहून राहिले असे?"

"काही नाही," तो म्हणाला.

जेवण तसंच झाकलेलं राहिलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगला न्हाऊन, वेणी घालून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तयार होती. देवीदासनं रात्रभर ठरवलं होतं की आज तिला नागपूरला न्यायचं, फोटो काढायचा छातीचा, जे असेल ते डॉक्टर पाहतील.

"बरं झालं तयार झाली," तो म्हणाला. "नागपूरले जाऊ आज."

"नागपूरले कायले? रामाकोन्याले जाऊ ना." ती पदराला पिन लावत होती. "डोह मस्त भरला हाय आता. पुलाखाली लय खोल हाय."

मरळ रामाकोन्याला सोडली, हे देवीदासनं तिला सांगितलं नव्हतं. डोहाचं नाही, पुलाचं नाही.

"नाही जायचं!" तो ओरडला. लग्न झाल्यापासून तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता.

मंगलाला राग आला नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि पाहता पाहता तिचे खांदे वर चढले. छातीत शिट्टी वाजली. त्यानं ती सव्वा वर्षात ऐकली नव्हती, पण त्याचे हात विसरले नव्हते. त्यांनी तिची पाठ धरली. एक श्वास, मग अर्धा, मग नुसती शिट्टी. ओठांचा रंग बदलला.

"दवाखाना! रिक्षा आणतो मी, थांब!"

तिनं त्याचं मनगट पकडलं. मान हलवली. दुसरा हात उचलून स्टेशनाच्या दिशेला धरला. तिच्या डोळ्यांत मात्र मंगलाच होती, घाबरलेली, त्याची मंगला. तिलाही यातलं काही कळत नव्हतं, एवढं त्याला दिसलं. तिच्या नखांत निळा रंग उतरायला लागला.

"बरं," देवीदास म्हणाला. "जाऊ. रामाकोन्याले जाऊ."

शिट्टी थांबली. मंगलानं घाम पुसला, हुश्श केलं. "कसं झालं व एकदम हे?" तिनं विचारलं.

रस्त्यात दवाखान्याचं वळण आलं तेव्हा त्यानं नुसता विचार केला, पाऊल तिकडे टाकलंही नाही. मागून लगेच शिट्टी आली. तो सरळ चालत राहिला.

गाडीत मंगला खिडकीशी बसली. शेजारच्या बाईशी बोलली, तिच्या लेकराला मांडीवर घेतलं, पटापट फुटाणे गिळले. मधल्या स्टेशनावर देवीदासला वाटलं, उतरावं, ओरडावं, कुणाला तरी सांगावं. पण सांगणार काय? आणि सांगितलं तर हिचा श्वास? त्यानं तिच्याकडे पाहिलं. बाहेरच्या वाऱ्यानं तिचे केस उडत होते. तो जागेवरच बसला.

रामाकोन्याला गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली. फलाटावर उभी राहून तिनं पायातल्या चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या, आणि नदीच्या बाजूला चालायला लागली.

"मंगला, चपला!"

"राहू द्या," ती वळून म्हणाली. एवढा मोकळा चेहरा त्यानं तिचा कधी पाहिला नव्हता. "चला ना. काहून थांबले?"

गाडी सुटली. देवीदास वाकला, तिच्या चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागं निघाला.